टीजीएचं ऑपरेशन झालेला मुलगा: तोंडी सगळं येतं, पेपर मात्र अर्धा कोरा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा मुलगा चौथीत आहे. कराडला, मराठी माध्यमात. त्याला जन्मतः टीजीए होतं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. जन्मला त्याच दिवशी निळा पडायला लागला म्हणून पुण्याला हलवलं. आधी फुगा घालून हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं भोक मोठं केलं आणि दुसऱ्या आठवड्यात आर्टेरियल स्विच, म्हणजे त्या वाहिन्या जागच्या जागी जोडायचं ऑपरेशन झालं. आयसीयूतला मुक्काम लांबला, मध्ये एक फिटही आली. पण घरी आल्यावर बाळाने चांगली उचल खाल्ली. दरवर्षी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो आणि दरवर्षी डॉक्टर म्हणतात, एकदम छान, पुढच्या वर्षी या. हृदयाची काळजी अशी आता राहिलेली नाही.

प्रश्न अभ्यासाचा आहे. यंदा शिवछत्रपतींचा इतिहास आहे ना, तर अफझलखानाचा वध हा असा सांगतो की शेजारच्या आजी मुद्दाम ऐकायला येतात. खानाच्या फौजेपासून जिवा महालापर्यंत सगळं येतं, वर आवाज बदलून. आणि त्याच धड्यावर पेपरात लिहितो दीड ओळ. उरलेली जागा कोरी. बाईंनी विचारलं तर म्हणतो, वेळ संपला.

गणिताची वही बघून तर मला रडू येतं. हातच्याची वजाबाकी त्याला समजते, तोंडी विचारलं की बरोबर सांगतो. वहीत मात्र एककाखाली एकक येतच नाही. आकडे हळूहळू उजवीकडे सरकत जातात, तिसऱ्या गणितापर्यंत दशकाखाली शतक आलेला असतो. मग उत्तर चुकणारच. फळ्यावरून उतरवून घेताना मधलीच ओळ गाळतो. घरी म्हटलं, "आतल्या खोलीतून माझा चष्मा आण, येताना पंखा बंद कर आणि बाबांना चहाला हाक मार", की हा बाबांना घेऊन येतो. चष्मा नाही, पंखा चालूच. बुटाची नाडी अजून मीच बांधते. दिवाळीत किल्ला करायला बसला तर एकेका मावळ्याची जागा अर्धा तास ठरवत होता, पण तटबंदी कुठून कुठे न्यायची हे काही केल्या त्याला जमेना. शेवटी भावंडांनी केली.

शाळेतून दर पालकसभेला एकच ऐकून येते: हुशार आहे पण आळशी, लक्ष देत नाही. सासूबाई म्हणतात लाडावलाय. आमचे हे म्हणतात, मी चौथीत असाच होतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, अहो, नॉर्मल शाळेत जातोय ना, मग झालं तर!

तर माझे प्रश्न. याचा त्या ऑपरेशनशी काही संबंध असतो का? की मीच संबंध जोडतेय? असेल तर दाखवायचं कुणाला आणि कोणत्या तपासण्या करायच्या? आणि शाळेत ऑपरेशनचं सांगावं का? आत्तापर्यंत सांगितलेलं नाही. लोक मुलाकडे "बिचारा" म्हणून बघायला लागतात, ते मला नको आहे.

जरा_थांबा
ताई, तुम्ही लिहिलेलं सगळंच्या सगळं आमच्या चिरंजीवांना लागू आहे आणि त्याचं आयुष्यात टॉन्सिलचंसुद्धा ऑपरेशन झालेलं नाही. या वयाची मुलगे मंडळी अशीच असतात. उगाच लेबल लावू नका, एवढंच सांगतो.

डॉ_लिंबूटिंबू
मी बालरोगतज्ज्ञ आहे. हृदयाचा नव्हे, मुलांच्या वाढ-विकासाचा भाग बघतो. इथे बसून निदान करणार नाही, पण प्रश्न अगदी योग्य आहे आणि संबंध तुम्ही उगाच जोडत नाही आहात.

या बाबतीतला सगळ्यात गाजलेला अभ्यास नेमका टीजीएचाच आहे. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात आर्टेरियल स्विच होणारी १७१ बाळं त्यात घेतली. सर्जन लोकांना जाणून घ्यायचं होतं की ऑपरेशनच्या वेळी बाळाला खूप थंड करून रक्ताभिसरण काही काळ पूर्ण थांबवणं मेंदूला जास्त बाधतं, की बायपास यंत्रावर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं यंत्र) अगदी कमी प्रवाह चालू ठेवणं. कुठल्या बाळाला कुठली पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं आणि मग ही मुलं मोठी होईपर्यंत पुन्हापुन्हा तपासली. वर्षाची असताना पूर्ण थांबवलेल्या गटातली बाळं हालचालींच्या विकासात मागे होती. आठव्या वर्षी दोन्ही गटांचा सरासरी बुद्ध्यांक चारचौघांसारखाच, शंभराच्या आसपास निघाला. इथेच बहुतेक लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण चाचणीचे भाग सुटे करून पाहिले तेव्हा डोळ्यांनी जागेचा अंदाज घेणं, बघून हाताने उतरवणं, एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, लक्ष टिकवणं आणि विचारांची नीट मांडणी करणं, यांत दोन्ही गट कमी पडत होते.

तुमच्या किल्ल्याचं वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. त्या मुलांना एक गुंतागुंतीची रेषाकृती बघून काढायला दिली होती. एक मोठा आयत आणि त्याच्या आतबाहेर त्रिकोण, फुल्या, गोल. बरीच मुलं सुटेसुटे तुकडे काढत गेली, पण ते सगळे तुकडे ज्यात बसतात तो मोठा सांगाडाच त्यांच्या हाती लागला नाही. मावळे जागच्या जागी आणि तटबंदी गायब, तसंच.

सोळाव्या वर्षी दोन पद्धतींमधला फरक जवळजवळ पुसला गेला होता. मात्र तोवर ६५ टक्के मुलांना कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा वागणुकीसाठी जादा मदत घ्यावी लागली होती. एमआरआयमध्ये सुमारे एक तृतीयांश मुलांत काही ना काही दोष दिसला. ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही अशा मुलांत हे प्रमाण ४ टक्के होतं.

आता "यंत्रावर ठेवलं म्हणून झालं का" हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. घरात कुणीतरी म्हणालंच असेल. यंत्राचा वाटा आहे, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पोटातल्या बाळात नाळेतून येणारं ताजं रक्त एरवी मुख्यतः हृदयाच्या डाव्या बाजूने मेंदूकडे जातं. टीजीएत वाहिन्या उलट जोडलेल्या, त्यामुळे ते फुफ्फुसाकडे वळतं आणि मेंदूच्या वाट्याला कमी प्राणवायूचं रक्त येतं. पूर्ण दिवसांच्या अशा बाळांचे ऑपरेशनच्या आधी एमआरआय काढले, तेव्हा मेंदूची वाढ साधारण महिनाभर मागे असल्याचं दिसलं. म्हणजे सुरुवात पोटातच होते. त्यावर जन्मानंतरचे निळेपणाचे तास, मग ऑपरेशन, मग आयसीयू. आयसीयूतली फिट आणि लांबलेला मुक्काम या दोन्ही गोष्टी फाइलमध्ये ठळक लिहाव्यात अशा आहेत.

अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशनने २०१२ सालीच सांगून ठेवलंय की तान्हेपणी ओपन हार्ट झालेलं प्रत्येक मूल जोखमीच्या गटात धरा आणि १ ते २ वर्षं, ३ ते ५ वर्षं आणि ११-१२ वर्षं या टप्प्यांवर विकासाची तपासणी करा, तक्रार असो वा नसो. आपल्याकडे इको चुकत नाही, ही तपासणी मात्र कुणाच्या गावीही नसते. हृदयाच्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्या ओपीडीत माणशी किती मिनिटं मिळतात ते मला माहीत आहे.

काय करायचं ते क्रमाने. आधी कान आणि डोळे. आयसीयूतून गेलेल्या बाळांच्या कानांवर औषधांचा परिणाम झालेला असू शकतो आणि तोंडी हुशार मूल तो वर्षानुवर्षं झाकून नेतं. सोबत हिमोग्लोबिन बघून घ्या. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बुद्ध्यांकाची चाचणी होईल, आपल्याकडे बहुधा मालिनची नाहीतर बिने-कामत. रिपोर्टवरचा एकच मोठा आकडा घेऊन घरी येऊ नका. शाब्दिक किती आणि कृतीचा किती, हे वेगळं मागा. तुमच्या वर्णनावरून त्या दोन आकड्यांत अंतर असावं, पण ते चाचणीनेच कळेल. लक्ष, स्मरण, लिहिण्याचा वेग आणि आकृती उतरवणं याही चाचण्या हव्यात. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून हाताचं काम तपासून घ्या, नाडी आणि वहीतले आकडे त्यांच्या खात्यात येतात.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिथे आधी चौकशी करा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागात मराठीतून चाचण्या होतात.

@जरा_थांबा, तुमचंही बरोबर आहे. ऑपरेशन न झालेल्या मुलांतही हे सापडतं. म्हणूनच तर चाचणी. लेबल त्याला आधीच लागलंय हो, "आळशी" म्हणून.

जरा_थांबा
हे शेवटचं पटलं. बाकी राहू द्या.

निवृत्त_बाई
मी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यातली बरीच चौथीच्या वर्गावर. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी वर्गातली सांगते.

ताई, उद्याच चौकटीची वही आणा, मोठ्या चौकटीची. एका घरात एक आकडा. एकक, दशक, शतकाच्या रांगांना तीन रंग द्या. याला रिपोर्ट लागत नाही की परवानगी लागत नाही. मी हे किती मुलांना करून दिलंय, बहुतेकांची निम्मी गणितं त्या एका वहीने सुटली.

फळ्यावरून उतरवणं या मुलाला दुहेरी काम आहे. वर बघा, लक्षात ठेवा, खाली बघा, जागा शोधा, लिहा, पुन्हा वर बघून आपली ओळ शोधा. तोवर बाई पुसून मोकळ्या. त्याला पुढे बसवायला सांगा आणि उतरवायचा मजकूर कागदावर जवळ द्यायला सांगा. शेजारच्या मुलाच्या वहीवरून लिहिलं तरी चालेल, त्यात कॉपी कसली आलीय.

पेपराचं. चौथीत आकारिक मूल्यमापन असतं आणि त्यात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं धरायचं असतं. अफझलखान तोंडी सांगितला तर त्याचे गुण द्यायला बाईंचा हात कुणी धरलेला नाही. नियमात बसतं. बसत नाही म्हणाल्या तर केंद्रप्रमुखांना विचारा म्हणावं.

सूचना एका वेळी एक. चष्मा आला की पंखा. हे घरीसुद्धा.

आणि शाळेत सांगायचं की नाही? मी त्या खुर्चीत बसलेली आहे म्हणून सांगते, सांगा. पण पालकसभेत चाळीस जणांसमोर नको. वेगळी वेळ मागून वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना भेटा. मला सांगितलंच नाही तर मी आळशीच म्हणणार. साठ मुलांत माझ्याकडे दुसरा शब्द शिल्लक नसतो.

नाशिकचा_बाबा
कृष्णाकाठ ताई, आमच्या मुलीचं फॅलॉटचं (हाही जन्मतःचा हृदयदोष) ऑपरेशन दहा महिन्यांची असताना झालं, आता नववीत आहे. तुमचं वाचून बायकोला हाक मारून दाखवलं.

निवृत्त बाईंना पूर्ण अनुमोदन, पण एक धोक्याचा कंदील. आम्ही पहिलीतच शाळेला सांगितलं. त्यांनी काय केलं, तर पीटीच्या तासाला तिला झाडाखाली बसवलं. पाच वर्षं. कार्डिओलॉजिस्टने लेखी दिलं होतं की सगळे खेळ चालतील, तरी "आमच्यावर जबाबदारी नको" म्हणून बसवलं. पोरगी स्वतःच म्हणायला लागली, मला पळायचं नसतं. म्हणून सांगताना तोंडी सांगू नका, एक पानी पत्र करा. काय झालं होतं ते दोन ओळींत. आता कशाला बंदी आहे ते डॉक्टरांच्या सहीने, आणि बंदी नसेल तर "कोणतीही बंदी नाही" असं ठळक. आणि वर्गात काय मदत हवी ते. दरवर्षी वर्ग बदलला की नवीन बाईंना तेच पत्र.

दुसरं म्हणजे चौथीत हे आटोक्यात वाटतं, पण खरी कसोटी सहावी-सातवीपासून लागते. विषय वाढतात, प्रत्येकाचे सर वेगळे, प्रकल्प, वह्या पूर्ण करायच्या तारखा. आमची पाचवीपर्यंत पहिल्या दहात होती, सातवीत एकदम घसरली. अभ्यास कळत होता, आखणी जमत नव्हती. तेव्हा तपासणी केली आणि डॉक्टर म्हणतायत तसंच निघालं: एकूण आकडा उत्तम, आत दोन खड्डे. आता भिंतीवर आठवड्याचा तक्ता आहे, रविवारी आम्ही दोघं मिळून भरतो. प्रकल्प आला की आधी त्याचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर वार लिहितो. तिच्या भाषेत "बाबांचं टाइमटेबल खूळ". पण चालतंय.

डॉक्टर, दहावीच्या सवलतींचं जरा सांगाल का? आम्हालाही हवंय.

डॉ_लिंबूटिंबू
सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. तिचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ (तासाला २० मिनिटं), गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. मुंबईकडच्यांसाठी सायनच्या रुग्णालयातलं केंद्र जुनं आणि अनुभवी आहे.

मात्र एक मेख आहे. हे प्रमाणपत्र वाचन, लेखन, गणित यांतल्या अक्षमतेचं आहे. मुलाला वाचता-लिहिता येतं पण वेग कमी आहे किंवा आखणी जमत नाही, एवढ्यावर ते मिळेलच असं नाही. हृदयाची मुलं बऱ्याचदा याच फटीत सापडतात: सवलतीइतकी वाईट नाहीत आणि पेपर पूर्ण होईल इतकी चांगलीही नाहीत. म्हणून प्रमाणपत्राची वाट न बघता शाळेच्या पातळीवर जे मिळतं ते आत्ताच मागा.

लक्षाचा भाग फारच कमी निघाला तर औषधाचा विषय येऊ शकतो. हृदयाचं ऑपरेशन झालंय म्हणून ते औषध वर्ज्यच, असं नसतं. पण ईसीजी आणि कार्डिओलॉजिस्टशी बोलणं आधी.

झिपर_क्लब
मलाही जन्मतः टीजीए होतं. वय २४, छातीवर चेन (ऑपरेशनची रेघ) आहे, डिप्लोमा करून पिंपरीत नोकरी करतो. आमच्याविषयीच चाललंय तर दोन शब्द.

तुमच्या पोराची वही म्हणजे माझी वही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला माझे तीन अटेम्प्ट गेले. वर्कशॉपला मात्र वर्गात पहिला, कारण वस्तू हातात घेऊन फिरवून बघता यायची. कागदावरची आकृती मनात फिरवायला सांगितली की डोकं बंद. कामावर साहेबांनी चार गोष्टी सांगितल्या की मी तिथेच फोनमध्ये लिहून घेतो, त्यांना वाटतं पोरगा सिन्सियर आहे. वाटू दे.

मुद्दा असा की ताई, तुम्ही शाळेला सांगायचं का विचारताय. त्याला सांगितलंय का? नुसतं "लहानपणी ऑपरेशन झालं होतं" नाही, हे लिहिण्याचं वगैरे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळी शाळा आपण ढ आहोत असं समजून काढली आणि कुणाला कळू नये म्हणून वर्गात विनोद करायचो. अठराव्या वर्षी कार्डिओलॉजीच्या बाईंनी सहज विचारलं, अभ्यासात काय अडतं? तोवर हे आणि ते एकमेकांना जोडलेलं असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. घरी येऊन आईवर जाम चिडलो, पण तिलाही माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत झालंय.

आणि नाडीसाठी वेलक्रोचे बूट घ्या राव. कशाला रोज सकाळी भांडण.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे यांना वाचून दाखवलं. पोटातल्या रक्ताचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. नऊ वर्षं त्यांच्या मनात होतं की पुण्याला न्यायला उशीर झाला म्हणून असेल. बोलले मात्र कालच.

वेलक्रोचे बूट घेतले. चौकटीची वहीही आणली. कालची पाच गणितं पाचही सरळ आली, एक चुकलं ते हातचा विसरला म्हणून, जागा चुकली म्हणून नव्हे. कानांची तपासणी शनिवारी आहे. साताऱ्याच्या केंद्रात फोन केला, त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि जुनी कागदपत्रं आणा म्हणाल्या. डिस्चार्ज कार्ड आहे, पण आयसीयूतले बाकी कागद नाहीत. ते लागतील का? आणि झिपर क्लब, त्याला सांगायचं कसं? नऊ वर्षांच्या पोराला मेंदूबिंदू म्हटलं तर घाबरेल ना?

डॉ_लिंबूटिंबू
डिस्चार्ज कार्ड पुरतं. त्यात फिटची नोंद आहे का बघा, नसेल तर तुम्ही कागदावर लिहून न्या. त्या रुग्णालयाकडे ऑपरेशन नोट मागता येते, मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. गणिताची जुनी वही, नवी चौकटीची वही आणि एखादा अर्धा कोरा पेपर जरूर न्या. वह्या बघून मला जे कळतं ते अर्धा तास बोलूनही कळत नाही. चाचणी सकाळच्या वेळेची मागा, पोटभर खाऊन.

झिपर_क्लब
मेंदू नका म्हणू. छातीवरच्या रेघेचं त्याने कधीतरी विचारलंच असेल, तिथूनच सुरू करा. म्हणावं, तू छोटा होतास तेव्हा तुझ्या शरीराने खूप काम केलं, म्हणून तुला लिहायला आणि रांगेत मांडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. ढ नाहीस, वेळ लागतो. मग अफझलखान सांगायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. ते बाईंना ऐकवा, पत्र देताना.

निवृत्त_बाई
रेकॉर्डिंग नको. त्यालाच न्या आणि बाईंसमोर उभा करा.